चार मिलिमीटर

धंतोलीतल्या दवाखान्यात पुकारा झाला, "निनावे!
निनावे कोण आहे?"
आम्ही दोघीही उठलो.
आलो होतो आईचा मोतीबिंदू दाखवायला,
माझं आपलं जाता जाता:
डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, बास.
दिवसभर स्क्रीनवर भूमापनाचे जुने फाटके नकाशे,
मानेवर कूलरचा झोत, बाहेर सेहेचाळीस.
मे महिन्यात नागपुरात
कोणाच्या डोळ्यांत वाळू नाही?

डॉक्टर खेडीकर बाईंनी कागदाची बारीक पट्टी
खालच्या पापणीत अडकवली.
"मिटा डोळे. पाच मिनिटं. रडायचं नाही."
वातीत तेल चढतं तसं
कागदात पाणी चढायला हवं होतं.
मी आतल्या अंधारात
बाबांच्या मागाचा खटका ऐकत बसले.
तांडापेठेतल्या आमच्या गल्लीत तो आता नाही.

पट्टी त्यांनी उजेडाकडे धरली.
चार मिलिमीटर.

परवाच तर नळ सोडून
अर्धा तास रडले होते बाथरूममध्ये.
ते कुठलं होतं मग?

"पाळी वेळेवर येते?"
डोळ्यांच्या डॉक्टरनं हे विचारावं!
भिंतीवरच्या सगळ्यात लहान अक्षरांकडे बघत म्हटलं,
तीन महिन्यांनी. कधी चार.
हनुवटीवरचा हात काढला नाही,
तिथं दर रविवारी धागा फिरतो.
सोनोग्राफीवाला म्हणाला होता, मोत्यांची माळ दिसते बघा,
जणू सराफ्यात बसलाय.
अंडाशयाच्या कडेनं बारा-पंधरा मणी,
पिकलेला एकही नाही.
आईच्या डोळ्यात एक मोती, माझ्या पोटात माळ,
आणि पाणी कुठल्याच मोत्याला नाही.

बाई प्रिस्क्रिप्शनच्या पाठीवर डोळा काढत होत्या.
पापणीच्या काठाशी तेलाच्या ग्रंथी असतात,
त्या अश्रूंवर साय धरतात,
म्हणून अश्रू उडून जात नाहीत.
संप्रेरकांचा तोल गेला की कधी कधी हे तेल आटतं.
"असू शकतं. असेलच असं नाही.
साखर तपासा. मागचा पडदाही बघून घेऊ."
सात वर्षं डोळ्यात तेल घालून
मी कॅलेंडरवर पहारा दिला,
आणि संपलं होतं ते तेलच.

दोघींच्या डोळ्यांत थेंब पडले.
बाहुल्या मोठ्या झाल्या.
"पडदा स्वच्छ आहे सध्या," बाई म्हणाल्या.
सध्या हा शब्द मी फाईलमध्ये घडी घालून ठेवला.

बाहेर अडीचचं ऊन.
रस्ता नव्हताच, नुसता चुना सांडलेला,
त्यातून हॉर्न येत होते.
"दिसून राहिलं का तुले?"
"नाही. तुले?"
"मले तं कवाचंच नाही."
आईनं माझं मनगट पकडलं,
कांड्या भरताना सूत कुठं तुटलं
ते बोटांनी चाचपायची, तसं.

"बाई काय सांगून राहिली होती? डोळ्याचं का पाळीचं?"
"दोन्हीचं."
दोन रिक्षा जाऊ दिल्या तिनं.
"तू व्हायच्या आधी आठ वर्षं," ती म्हणाली,
"मले बी असंच. डोळे बी चुरचुरत.
वाटे, सुताची तूस असंन.
तवा त्याले नाव नव्हतं."

मी तिच्याकडे पाहिलं.
दिसली नाही.
नुसती पातळाची निळी कड, तीही फुटलेली.

पलीकडे रसवंतीचे घुंगरू वाजत होते.
त्या आवाजाच्या अंदाजानं आम्ही रस्ता ओलांडला,
कोण कुणाला नेत होतं ठाऊक नाही.
उन्हानं माझ्या डोळ्यांना धार लागली होती
आणि कागद नव्हता कुणाकडे.

"साखर तपासायची आहे ना मला," मी म्हटलं.
"मंग अर्धा पी," आई म्हणाली
आणि ग्लास माझ्या हातात देताना
थोडा हवेतच धरला.